अम्मी, माझे बारा हजार कुठे गेले?

घरचा हिशेब



या महिन्यात आम्ही शाळेच्या फीचा आणि वह्या-पुस्तकांचा हिशेब मांडणार होतो. पण विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका भगिनीचे पत्र आले आणि तो विषय आम्ही पुढच्या महिन्यावर टाकला. पत्र दोनच पानांचे आहे, पण त्यातला प्रश्न पुष्कळ घरांत आज ना उद्या उभा राहणारा आहे.

या भगिनीची मुलगी आठवीत शिकते. एका खाजगी संस्थेने राज्यभरच्या विद्यार्थ्यांसाठी निबंध स्पर्धा घेतली होती. मुलीने रात्री जागून, लिहिलेले चार वेळा फाडून पुन्हा लिहून निबंध पाठवला आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. चाळीस हजार रुपये. मोहल्ल्यात मिठाई वाटली गेली. मग संस्थेकडून फोन आला की पॅन नंबर पाठवा. मुलीचे पॅन कार्ड नव्हते, म्हणून तिच्या अब्बूंनी आपला नंबर दिला, आपले बँक खाते दिले. फेब्रुवारीत खात्यावर २८,००० रुपये जमा झाले. उरलेल्या १२,००० बद्दल विचारले तर उत्तर आले, “तो टीडीएस.” आलेले २८,००० घराच्या छपराचे पत्रे बदलण्यात खर्च झाले.

आता भगिनी लिहितात: “मुलगी विचारते, अम्मी, माझे बारा हजार कुठे गेले? मी तिला काय सांगू? तिचे अब्बू शाळेत शिक्षक आहेत. ते म्हणतात, आता हे चाळीस हजार माझ्या पगारात धरले जातील आणि मलाच आणखी कर बसेल. हे खरे आहे का?”

थोडक्यात उत्तर आधी देतो. ते बारा हजार बुडालेले नाहीत. ते सरकारजमा झाले आहेत, पण चुकीच्या नावावर. आमच्या मते हे चाळीस हजार अब्बूंच्या पगारात धरण्याचे कारण नाही, आणि योग्य कागद केले तर ते बारा हजार मुलीला परत मिळू शकतात. आता हे कसे, ते पाहू.

मुलाची मिळकत कुणाची?

आपला आयकर कायदा वयाची अट घालत नाही. पाच वर्षांच्या मुलालाही उत्पन्न असू शकते आणि त्यावर करही लागू शकतो. पण लहान मुलांच्या नावावर पैसे ठेवून मोठ्यांनी कर चुकवू नये, म्हणून कायद्याने एक नियम केला आहे. अठरा वर्षांखालील मुलाचे उत्पन्न आई-वडिलांपैकी ज्याचे उत्पन्न जास्त असेल त्याच्या उत्पन्नात जोडायचे. सीए मंडळी याला ‘क्लबिंग’ म्हणतात. १९६१ च्या आयकर कायद्यात हा नियम कलम ६४ मध्ये आहे.

मुलीच्या अब्बूंनी हा नियम कुठेतरी ऐकलेला असणार. पण त्याच नियमाला जोडून जे अपवाद दिले आहेत, ते फारसे कुणी सांगत नाही. मुलाने स्वतःच्या अंगमेहनतीने मिळवलेले पैसे, किंवा स्वतःचे कौशल्य, कला, खास ज्ञान आणि अनुभव वापरून मिळवलेले पैसे आई-वडिलांच्या उत्पन्नात जोडायचे नाहीत. ते मुलाचे स्वतंत्र उत्पन्न. तसेच कायद्यात नमूद केलेले दिव्यांगत्व असलेल्या मुलाचे कोणतेच उत्पन्न पालकांत जोडले जात नाही.

म्हणजे कायदा पहिला प्रश्न विचारतो तो असा: हे पैसे मुलाच्या कष्टाचे आणि हुन्नराचे आहेत, की नुसते पदरात पडलेले? निबंध लिहिणे हे हुन्नराचे काम आहे. ते मुलीने केले, तिच्या अब्बूंनी नाही. म्हणून ते चाळीस हजार तिच्या नावावरचे उत्पन्न.

इथे काही जण विचारतील की कौशल्याचे बक्षीस म्हणजे कौतुकाची भेट, त्यावर कर कसला? हा वाद जुना आहे. मोटार रॅलीत एका चालकाला मिळालेल्या बक्षिसाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. १९९३ मध्ये न्यायालयाने ठरवले की कौशल्याने जिंकलेले बक्षीस हेही उत्पन्नच आहे. तेव्हा ते दाखवायचे हे नक्की. पण दाखवणे वेगळे आणि कर बसणे वेगळे. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी नव्या कर पद्धतीत चार लाख रुपयांपर्यंतच्या साध्या उत्पन्नावर कर नाही. जुनी पद्धत निवडली तरी अडीच लाखांपर्यंत नाही. ही मर्यादा मुलीलाही तितकीच लागू आहे. तिचे वर्षाचे उत्पन्न चाळीस हजार. कर शून्य.

हुन्नर आणि नशीब

मग संस्थेने बारा हजार का कापले? त्यांनी या बक्षिसाला लॉटरीचा नियम लावला.

लॉटरी, शब्दकोडी, घोड्यांच्या शर्यती, पत्ते आणि ‘इतर कोणताही खेळ’ यांतून जिंकलेल्या पैशांसाठी कायद्यात वेगळे कलम आहे. त्यावर सरळ ३० टक्के कर बसतो आणि वर ४ टक्के उपकर, म्हणजे एकूण ३१.२ टक्के. श्रीमंतांसाठी अधिभार असतो तो वेगळा. इथे करमुक्त मर्यादा नाही, खर्चाची वजावट नाही, विम्याची सूट नाही. तिकिटाला दिलेले पैसेसुद्धा वजा करता येत नाहीत. असे एखादे बक्षीस १०,००० रुपयांपेक्षा जास्त असेल तर देणाऱ्यानेच आधी ३० टक्के कापून सरकारात भरायचे असतात.

दोन गैरसमज इथे दूर करू. पहिला, दहा हजारांच्या आतले बक्षीस करमुक्त असते हा. दहा हजार ही फक्त आधी कापण्याची मर्यादा आहे. आठ हजारांची लॉटरी लागली तर कुणी कापणार नाही, पण विवरणपत्रात दाखवून त्यावर ३० टक्के आपणच भरायचे असतात. दुसरा, “आता बारा लाखांपर्यंत करच नाही” हा. बारा लाखांपर्यंतच्या करातली ती सवलत साध्या उत्पन्नासाठी आहे. लॉटरीसारख्या खास दराच्या उत्पन्नाला ती नाही.

फरक नीट समजावा म्हणून एकाच घरातली दोन भावंडे डोळ्यांसमोर आणा. बहिणीने चित्रकला स्पर्धेत चाळीस हजार जिंकले. भावाच्या नावाने दुकानात कुपन भरले होते, सोडतीत त्यालाही चाळीस हजार मिळाले. बहिणीचे पैसे तिचे स्वतंत्र उत्पन्न, मर्यादेच्या आत, कर शून्य. भावाचे पैसे नशिबाचे. ते अब्बू-अम्मींपैकी ज्याचे उत्पन्न जास्त त्याच्यात जोडले जाणार आणि त्यावर ३१.२ टक्के, म्हणजे १२,४८० रुपये कर. देणाऱ्याने बारा हजार कापले असतील, तर उरलेले ४८० पालकाने भरायचे. रक्कम तीच, घर तेच, पण एकीकडे शून्य आणि दुसरीकडे साडेबारा हजार.

कुराणने मैसिर म्हणजे जुगार हराम ठरवला, हे आपल्या मुलांना लहानपणापासून माहीत असते. कष्टाची कमाई आणि नशिबाची उडी यांत फरक करायला आपण घरातच शिकवतो. देशाचा कर कायदा वेगळ्या हेतूने झाला आहे, पण तोही पैसे कसे आले हे विचारतो. मुलांना हे सांगा. निबंधाच्या बक्षिसाला जी इज्जत आहे ती लॉटरीच्या तिकिटाला नाही, हे त्यांना दोन्ही बाजूंनी कळेल. दुकानातली फुकट सोडत शरीअतच्या दृष्टीने कशी, यावर आम्ही मत देत नाही. ते आपल्या भागातल्या आलिमांना विचारा.

सोडतीत वस्तू मिळाली तरी नियम तोच. साठ हजारांची दुचाकी मुलाच्या नावाने लागली, तर तिच्या किमतीवरचा ३० टक्के म्हणजे १८,००० रुपये कर भरला गेल्याची खात्री झाल्याशिवाय देणाऱ्याने ती ताब्यात देऊ नये, असा नियम आहे. काही वेळा हा कर आयोजक स्वतः सोसतात, काही वेळा बक्षीस घेणाऱ्याकडून घेतात. नाव पुकारल्यावर टाळ्या वाजतात, पण घरी अठरा हजार उभे करायची वेळ येते. नाव नोंदवण्याआधीच हे विचारून घ्या.

आणखी एक बाब. दूरचित्रवाणीवरच्या स्पर्धांचे कार्यक्रम कायद्याने स्पष्टपणे ‘खेळा’त धरले आहेत. तिथे मूल कितीही हुशारीने उत्तरे देवो, जिंकलेल्या पैशांना ३० टक्क्यांचाच दर. शाळाबाहेरच्या मोठ्या प्रश्नमंजूषांनाही आयोजक पुष्कळदा हाच नियम लावतात आणि ‘इतर कोणताही खेळ’ हे शब्द इतके रुंद आहेत की त्यांना दोष देता येत नाही. निबंध, चित्रकला, हस्ताक्षर, किरात, वक्तृत्व यांचे तसे नाही. परीक्षक गुण देऊन निवडतात, तो ‘खेळ’ नव्हे, असे आमचे मत आहे.

मोबाईलवरच्या खेळांबद्दल एकच वाक्य पुरे आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला. तेव्हा मुलाने अब्बूंच्या फोनवरून ‘जिंकले’ तर आनंद मानू नका, फोन काढून घ्या.

आमचीही चूक

पत्रलेखिका भगिनीच्या यजमानांना आम्ही दोष देणार नाही, कारण हीच चूक आमच्या घरात झाली होती. काही वर्षांपूर्वी आमच्या थोरल्या मुलाला वक्तृत्व स्पर्धेत पंधरा हजारांचे बक्षीस मिळाले. आयोजकांनी पॅन मागितला. आम्ही म्हणालो, मुलाचे कसले आले पॅन कार्ड, आणि घरातल्या कर्त्याचा नंबर दिला. साडेचार हजार कापले गेले, ते कर्त्याच्या नावावर नोंदले गेले, आणि बक्षीसही त्याच्याच उत्पन्नात दाखवले गेले. मुलाचे स्वतंत्र विवरणपत्र भरता येते हे कळले तेव्हा मुदत उलटून गेली होती. साडेचार हजार गेले. मुलगा आता मोठा झाला आहे, तरी घरी पैशांचा विषय निघाला की ते साडेचार हजार तो अजून मागतो. हसत मागतो, पण मागतो.

म्हणून सांगतो, बक्षिसाच्या वेळी ज्याचा पॅन दिला जातो, त्याच्या नावावर ते उत्पन्न आणि तो कर चढतो. मुलाच्या हुन्नराचे बक्षीस असेल तर मुलाचाच पॅन द्या. पॅन कार्ड अगदी लहान मुलाचेही निघते. अर्जावर आई किंवा वडील सही करतात, कार्डावर मुलाचा फोटो आणि सही नसते. अठरा पूर्ण झाल्यावर ते अद्ययावत करून घ्यायचे, नंबर तोच राहतो. जे मूल स्पर्धांत भाग घेते, त्याचे कार्ड आधीच काढून ठेवलेले बरे.

आता या भगिनीने काय करावे?

पहिले, मुलीचे पॅन कार्ड काढा.

दुसरे, आयोजक संस्थेला लेखी पत्र द्या. बक्षीस आमच्या अल्पवयीन मुलीने स्वतःच्या लेखनाने मिळवले आहे, पॅन चुकून वडिलांचा दिला गेला, तरी आपण भरलेल्या टीडीएसच्या तिमाही विवरणात दुरुस्ती करून तो मुलीच्या पॅनवर दाखवावा, असे त्यात लिहा. सोबत निकालपत्र, प्रमाणपत्राची प्रत आणि मुलीच्या जन्मदाखल्याची प्रत जोडा. पत्र पोचल्याची सही घ्या. अशी दुरुस्ती संस्थेला करता येते, पण करायची तिनेच असते. तेव्हा गोड बोलून, पाठपुरावा करून ती करून घ्या. थांबू नका, कारण दुरुस्तीलाही मुदत असते.

तिसरे, दुरुस्ती झाल्यावर संस्थेकडून मुलीच्या नावाचा फॉर्म १६ ए मागा आणि आयकराच्या संकेतस्थळावर तिच्या २६ एएस मध्ये बारा हजार दिसतात का, ते तपासा.

चौथे, मुलीचे विवरणपत्र भरा. ते तिच्या वतीने तिचे पालक प्रतिनिधी म्हणून भरतात. त्यासाठी संकेतस्थळावर प्रतिनिधी म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते. उत्पन्न चाळीस हजार, कर शून्य, कापलेला कर बारा हजार, म्हणून परतावा बारा हजार. नेहमीची मुदत चुकली तरी उशिराचे विवरणपत्र ३१ डिसेंबरपर्यंत भरता येते. पण त्या तारखेची वाट पाहू नका, आमची चूक लक्षात ठेवा.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. संस्थेने कर लॉटरीच्या कलमाखाली कापला आहे. तुम्ही उत्पन्न साधे म्हणून दाखवाल, तेव्हा खात्याकडून विचारणा होऊ शकते. घाबरू नका. स्पर्धेची जाहिरात, नियम, परीक्षकांचा निकाल आणि निबंधाची प्रत जपून ठेवा. हा खेळ नव्हता, लेखन होते, हे त्यावरून दाखवता येते. हे काम मात्र एखाद्या ओळखीच्या सीएच्या हातून करा. त्याची फी आधी विचारा, नाहीतर बारा हजार मिळवताना त्यातलेच चार हजार जायचे.

ज्यावर करच नाही

सगळ्याच बक्षिसांना हे सोपस्कार नाहीत. शिक्षणाच्या खर्चासाठी मिळालेली शिष्यवृत्ती पूर्ण करमुक्त आहे. पाचवी-आठवीच्या परीक्षेतली शिष्यवृत्ती असो किंवा आठवीत परीक्षा देऊन नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळणारी एनएमएमएस असो, त्यातला एक रुपयाही उत्पन्नात धरायचा नाही. केंद्र किंवा राज्य सरकारने सार्वजनिक हितासाठी दिलेले, केंद्र सरकारची मान्यता असलेले पुरस्कारही करमुक्त आहेत.

आणि ईदी? पुष्कळ भगिनी हसत हसत विचारतात. दादा-दादी, नाना-नानी, चाचा, फुफी, मामू, खाला यांनी दिलेल्या पैशांवर कर नाही, रक्कम कितीही असो. नात्याबाहेरच्या लोकांकडून आलेल्या भेटी मात्र वर्षात मिळून ५०,००० रुपयांपर्यंतच मोकळ्या. त्यापुढे एक रुपया गेला तरी सगळी रक्कम उत्पन्नात धरली जाते. जमातीने किंवा अंजुमनने दहावी-बारावीच्या मुलांच्या सत्कारात दिलेले एक-दोन हजार या मर्यादेत सहज बसतात. आणि ती संस्था आयकर खात्याकडे नोंदणी झालेला धर्मादाय ट्रस्ट असेल, तर तिने दिलेली भेट या मर्यादेत मोजावीच लागत नाही.

अम्मी की अब्बू, आणि यतीम मूल

मिळकत जोडायची वेळ आलीच तर कुणाच्या उत्पन्नात? ज्याचे उत्पन्न जास्त त्याच्या. अम्मी शिक्षिका असेल आणि अब्बूंची मिळकत कमी असेल, तर अम्मीच्या. आई-वडील विभक्त झाले असतील आणि निकाह कायम नसेल, तर त्या वर्षी जो मुलाला सांभाळतो त्याच्या. तलाकनंतर मुलांना एकट्या वाढवणाऱ्या भगिनींनी हे लक्षात ठेवावे. मुलाच्या वडिलांचे उत्पन्न जास्त असले, तरी मूल तुमच्याकडे असेल तर त्याची मिळकत तुमच्या हिशेबात येते.

आणि ज्या मुलाचे आई-वडील दोघेही हयात नाहीत, त्याचे काय? जोडण्याचा नियम फक्त आई-वडिलांपुरता आहे. चाचा, मामू किंवा दादा सांभाळत असतील, तर मुलाचे उत्पन्न त्यांच्यात जोडले जात नाही. ते मुलाचेच राहते, पालक त्याच्या वतीने विवरणपत्र भरतो. यतीम भाच्याच्या नावावर पैसे ठेवले तर आपल्यावर कर येईल, या भीतीने कुणी ते आपल्या खात्यात ठेवत असेल, तर तसे करू नका. भीती निराधार आहे.

पैसे ठेवायचे कुठे?

बक्षीस मुलीचे स्वतंत्र उत्पन्न असले, तरी ते कुठे गुंतवले आणि त्यातून पुढे काही मिळाले, तर ती पुढची मिळकत हुन्नराची राहत नाही. बँकेतले व्याज असो किंवा म्युच्युअल फंडातला नफा, मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत ते पालकांच्या उत्पन्नात जोडले जाते. जुनी कर पद्धत निवडणाऱ्या पालकाला दर मुलामागे वर्षाला १,५०० रुपयांची सूट मिळते. नव्या पद्धतीत तीही नाही. व्याज घ्यावे की नाही, घेतले गेले तर त्याचे काय करावे, हा प्रत्येक घराचा आणि आलिमांचा विषय आहे. पण खात्यात ते जमा झाले असेल, तर हिशेबात दाखवावे लागते, मग ते आपण वापरा किंवा वापरू नका.

जकातचा प्रश्नही येतो. आपल्या राज्यात कोकणातले बहुतेक घराणे शाफई आणि घाटावरचे बहुतेक हनफी. निसाबाइतकी रक्कम मुलाच्या मालकीची वर्षभर राहिली, तर शाफई मतानुसार वलीने मुलाच्या मालातून जकात काढायची असते. हनफी मतानुसार नाबालिगाच्या अशा मालावर जकात वाजिब नाही. कर भरला म्हणून जकात सुटत नाही आणि जकात दिली म्हणून कर सुटत नाही. दोन्ही हिशेब वेगळ्या पानांवर ठेवा.

एक शेवटची नोंद कायद्याबद्दल. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा २०२५ च्या नव्या आयकर कायद्याने घेतली आहे. कलमांचे आकडे बदलले, भाषा सोपी केली, पण मुलाच्या मिळकतीचा आणि नशिबाच्या बक्षिसाचा मूळ विचार तोच आहे. या भगिनीचे बक्षीस २०२५-२६ मधले असल्याने त्याचा हिशेब जुन्या कायद्यानेच होईल. पुढच्या वर्षी सीएने वेगळा कलम क्रमांक सांगितला तर गोंधळू नका.

आणि ते अठ्ठावीस हजार

पत्रात भगिनीने बारा हजारांबद्दल विचारले आहे, अठ्ठावीस हजारांबद्दल नाही. पण पत्र वाचून झाल्यावर आम्हाला तेच जास्त आठवत राहिले.

छपराचे पत्रे बदलणे जरुरीचे होते. पावसाळा तोंडावर होता, त्याच छपराखाली ती मुलगीही झोपते. अब्बूंनी पैसे उधळले नाहीत. पण विचारायला हवे होते. कर कायदा मुलाची मिळकत पालकाच्या हिशेबात जोडतो तेव्हाही तो फक्त कर कुणी भरायचा एवढेच सांगतो. पैसे पालकाचे झाले, असे तो कुठेही म्हणत नाही. आपल्या दीनने तर याहून पुढचे सांगितले आहे. सूरह निसामध्ये यतीमांच्या मालाबद्दल केवढी ताकीद आहे, हे आपण सगळे जाणतो. त्यांची समज पारखा, ते जाणते झाले की त्यांचा माल साक्षीदारांसमोर त्यांच्या हवाली करा, असा त्याचा आशय. ज्या मुलांचे अब्बू समोर आहेत, त्यांच्या मालाबद्दल आपण त्याहून निष्काळजी का असावे? मुलाचा पैसा पालकाच्या हातात असतो तो अमानत म्हणून.

म्हणून आमची सूचना अशी. एक वही घ्या. पहिल्या पानावर मुलीचे नाव, स्पर्धेचे नाव आणि ४०,००० हा आकडा लिहा. खाली लिहा: १२,००० सरकारकडे, परत मागितले आहेत. त्याखाली अब्बूंनी स्वतःच्या हाताने लिहावे: २८,००० घराच्या छपरासाठी घेतले, दर महिन्याला इतके इतके परत देईन. मग सही करावी. दरमहा पाचशे दिले तरी चालतील. दहा वर्षांवरच्या मुलांना बँक स्वतःचे बचत खाते देऊ शकते. मुलीचे खाते उघडा आणि ते पैसे तिथे जमा होऊ द्या. तिला पासबुक वाचायला शिकवा, विवरणपत्र भरताना शेजारी बसवा.

मुलगी उद्या मोठ्या मनाने म्हणेल, अब्बू, राहू द्या, आपलेच घर आहे. म्हणू द्या. पण ते तिने म्हणायचे, आपण गृहीत धरायचे नाही.

तेव्हा भगिनी, मुलीला आज एवढेच सांगा: तुझे बारा हजार हरवलेले नाहीत, आपण दोघी मिळून ते परत मागणार आहोत. पुढच्या निबंधासाठी तिला इतके बळ पुरे आहे. परतावा आला की आम्हाला जरूर कळवा. अल्लाह तिच्या लेखणीत बरकत देवो. आमीन.